ध्वनिमुद्रिकेचा पाठ आणि घरगुती संगणक

घरी संगणकावर संगीत ऐकण्यासाठी कोणती यंत्रसामग्री घ्यावी, तीत कोणते सॉफ्टवेअर बसवावे आणि ते कसे लावून घ्यावे, या विषयावर मार्गदर्शनपर लेखन आज विपुल उपलब्ध आहे. या लेखनाची परिभाषा शास्त्रीय असते व त्यातील आकडे बहुधा बरोबर असतात. असे असूनही जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासकाने त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ध्वनी ज्या वाहनातून येतो त्या वाहनाची हे लेखन कसून परीक्षा करते; त्यातून जो पाठ येतो त्याची चौकशी मात्र ते करीत नाही.

'पाठ' हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे आदिपर्व डॉ. वि. सी. सुकथनकरांच्या संपादनाखाली 1933 मध्ये पूर्ण झाले आणि समग्र कार्य 1966 मध्ये तडीस गेले. त्या आवृत्तीने अभ्यासकांना एक शिस्त लावून दिली. हाती आलेली पोथी म्हणजे मूळ ग्रंथ असे न मानता तिची वंशावळ शोधावी, आणि संपादकाने जो पाठ नाकारला तोही तळटीपेत नोंदवावा, ही ती शिस्त होय. घरच्या संगणकावरील ध्वनिफीत हीदेखील अशीच एका लांब वंशावळीतील शेवटची प्रत असते. गायकाचा स्वर मेणावर उमटला, मेणावरून धातूचा साचा निघाला, साच्यावरून लाखेची तबकडी झाली, कित्येक वर्षांनी कोणीतरी ती सुईखाली ठेवून तिचे अंकांत रूपांतर केले, दुसऱ्या कोणी तिच्यातील खरखर काढली, तिसऱ्याने ती दाबून लहान केली, आणि अखेर आपल्या संगणकाने स्वतःच्या सोयीनुसार तिला पुन्हा आकार दिला. यांतील प्रत्येक जण लेखनिक आहे आणि प्रत्येकाने काही ना काही 'दुरुस्ती' केलेली आहे. तळटीप मात्र कोणीच लिहिलेली नाही.

मार्गदर्शक लेखनाचा सर्वांत आवडता विषय म्हणजे नमुनादर. 1982 मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिटांत, नोंदलेले असतात. नमुनादराच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्या त्यातून पूर्णपणे परत मिळवता येतात, हा सिद्धान्त नायक्विस्ट व शॅनन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. मनुष्याचा कान साधारणतः 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. अर्थात हा दर तत्त्वतः पुरेसा ठरतो. तथापि 96,000 व 192,000 नमुन्यांच्या, 24 बिटांच्या प्रतींचा आणि त्या वाजविणाऱ्या महाग रूपांतरकांचा आग्रह चालूच आहे. मेयर व मोरान यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च नमुनादराचा ध्वनी डिस्कच्या दर्जाला उतरवून श्रोत्यांपुढे ठेवला होता. 554 चाचण्यांत 276 वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जे साधते तेवढेच. राइस यांनी 2016 मध्ये अठरा अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक खरा आहे, परंतु तो अतिशय लहान आहे. त्यातून लाखेच्या तबकडीचा विचार करता हा वाद जवळजवळ निरर्थक ठरतो. 16 बिटांत सुमारे 96 डेसिबलांचा पल्ला मावतो. तबकडीच्या पृष्ठभागाची खरखर व तिच्यावरील सर्वांत मोठा स्वर यांतील अंतर सामान्यतः याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

एका बाबतीत या आग्रहाला न्याय दिला पाहिजे. तबकडीवरून प्रथम रूपांतर करताना नमुनादर उंच ठेवावा, ही आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेची शिफारस योग्यच आहे. ओरखड्यांचे तडतड आवाज त्यामुळे टोकदार राहतात आणि पुढे ते नेमके वेगळे काढता येतात. पण हा कारखान्यातील विचार झाला. ऐकणाऱ्याच्या टेबलाशी त्याचा संबंध नाही.

आता प्रमाणांचा हिशोब पाहू. अर्धस्वराचे शंभर भाग केले असता त्यातील एका भागाला सेंट म्हणतात. साध्या संगणकातील स्फटिक-घड्याळ दहा लाखांत शंभर भागांनी चुकले, तर स्वरात पडणारा फरक सेंटाच्या पाचव्या हिश्शाहून कमी असतो. या घड्याळाच्या अचूकतेसाठी रूपांतरकांच्या जाहिरातींत पानेच्या पाने खर्ची पडतात. उलटपक्षी 80 फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी 78 फेऱ्यांनी वाजविली, तर स्वर सुमारे 44 सेंटांनी उतरतो. 72 फेऱ्यांची तबकडी 78 ने वाजविली तर तो सुमारे 139 सेंटांनी चढतो, आणि त्याबरोबर लयही आठ टक्क्यांनी वाढते. 78 हा आकडा प्रारंभी पक्का नव्हता. फ्रेड गैसबर्ग यांनी 1902 मध्ये कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून पुढची वीसएक वर्षे वेग मुद्रणागणिक बदलत असे. काही तबकड्यांच्या चिठ्ठीवर तो छापलेला आढळतो, पुष्कळांवर नाही. साथीच्या हार्मोनियमवरून वेग ठरवावा असे सुचविले जाते, पण ती हार्मोनियम कोणत्या मानाने लावली होती हे तरी कोणी सांगावे?

वेगाच्या चुकीने सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकतात, त्यामुळे स्वरांतरे बिघडत नाहीत. श्रुतींचा अभ्यासक येथे निःश्वास टाकील. परंतु त्याची सुटका इतक्यात नाही. तबकडीचे मधले छिद्र खऱ्या केंद्रापासून एक मिलिमीटर जरी सरकलेले असले, तरी केंद्रापासून 60 मिलिमीटरांवर सुई आली असता स्वर प्रत्येक फेरीत सुमारे 29 सेंट वर व तितकाच खाली झुलतो. बाहेरच्या कडेला हे झुलणे साधारण निम्मे असते व गाणे पुढे सरकते तसे ते वाढत जाते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या आणि क्लेमंट्स यांच्या विवेचनातून जो वाद उभा राहिला, तो पुष्कळ अंशी 81 : 80 या गुणोत्तराभोवती फिरतो, हे अंतर 21.5 सेंटांचे आहे. म्हणजे ज्या अंतरावर श्रुतिवाद उभा आहे, त्याहून मोठे अंतर छिद्राच्या एका मिलिमीटरात लपून बसते. देवलांच्या प्रयोगांना ज्यांच्या गळ्याचे साहाय्य झाले त्या अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून आज कोणी श्रुती मोजू लागला, तर छिद्राचा हा प्रश्न त्याने सर्वांत आधी सोडविला पाहिजे.

घरच्या संगणकावर 'प्राट' यासारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरने स्वराचा आलेख काढणे आज कोणालाही शक्य आहे, आणि असे आलेख लेखांतून दिसूही लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी सुमारे 0.77 सेकंदात पुरी होते. तेवढ्याच कालावधीची संथ लाट आलेखात दिसली तर ती कोमल गांधाराचे आंदोलन म्हणून सहज खपून जाईल. तपासणी अवघड नाही. हीच लाट तंबोऱ्याच्या किंवा हार्मोनियमच्या स्थिर स्वरातही त्याच ठेक्याने येत असेल, तर ती गायकाची नसून तबकडीची आहे. हार्मोनियमला आंदोलन घेता येत नाही, हा तिच्यावरील जुना आक्षेप येथे उपयोगी पडतो.

याहून गंभीर प्रकार खरखर काढण्याचा आहे. 2000 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'ऑडॅसिटी' या लोकप्रिय सॉफ्टवेअरमधील पद्धत उदाहरणादाखल घेऊ. जेथे केवळ खरखरच ऐकू येते असा छोटा तुकडा वापरणाऱ्याने निवडून दाखवावा. यंत्र त्याची ओळख करून घेते आणि मग संपूर्ण ध्वनीतून तशा प्रकारचे जे जे काही असेल ते कमी करते. पाश्चात्त्य गीताच्या तबकडीत असा तुकडा आरंभी बिनधोक सापडतो. आपल्याकडे गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच तंबोरा सुरू झालेला असतो. ऐकणारा त्या क्षणाला 'रिकामी जागा' समजतो व तीच यंत्राला दाखवितो. तंबोरा अखंड व एकसारखा वाजणारा. यंत्राच्या व्याख्येप्रमाणे तो खरखरीचाच भाऊबंद ठरतो. परिणामी जवारीतून उठणारे वरचे सूक्ष्म स्वर पुसले जातात आणि गायकाचा आवाज एका स्वच्छ, निर्जीव पोकळीत लोंबकळत राहतो. मग समीक्षक लिहितो की, जुन्या काळी तंबोऱ्याला मुद्रणात स्थानच नव्हते! मूळ मुद्रणात तंबोरा क्षीण असतोच, हे खरे; पण क्षीण असणे आणि पुसला जाणे यांत फरक आहे, व तो फरक सांगण्याची जबाबदारी प्रत तयार करणाऱ्याची आहे.

सुई व समतोल यांविषयीही असेच म्हणता येईल. जुन्या तबकडीची खाच रुंद असते. तिला दीर्घवादन तबकडीच्या सुईच्या जवळजवळ तिप्पट जाडीची सुई लागते. शिवाय संगणकाला जोडण्याच्या घरगुती तबकडी-वादकांत 1954 मध्ये सर्वमान्य झालेला उंच-खर्ज समतोलाचा नियम बहुधा आतच बसविलेला असतो. त्या नियमानुसार 10,000 हर्ट्झच्या जवळपासचा ध्वनी सुमारे 14 डेसिबलांनी उतरविला जातो. 1954 पूर्वीच्या पुष्कळ तबकड्या असे उतरविले जाईल या अपेक्षेने मुद्रितच झालेल्या नाहीत. त्या या यंत्रावर वाजविल्या की 'स' व 'श' बोथट होतात, आणि दोष गायकाच्या उच्चाराकडे जातो.

संगणकाच्या स्वतःच्या लुडबुडीबद्दल थोडक्यात सांगतो. बहुतेक संगणक निरनिराळ्या कार्यक्रमांचे ध्वनी एकत्र मिसळतात व त्यासाठी सर्वांना एकाच नमुनादरावर आणतात. हे रूपांतर आज चांगले होते. त्याबद्दल फार जीव टाकण्याचे कारण नाही. ध्वनी 'खुलविण्याच्या' ज्या सोयी नव्या संगणकात पुष्कळदा आधीच चालू असतात, त्या मात्र बंद केल्याच पाहिजेत. त्यांतील एक सोय लहान आवाज मोठा व मोठा आवाज लहान करते. बातम्या ऐकण्यास ती उत्तम; परंतु विलंबित आलापात गायक जे उभे करतो ते नेमके हेच चढउताराचे शिल्प असते, आणि ती तेच सपाट करून टाकते.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. पैसा रूपांतरकात न घालता ध्वनिवर्धकांत किंवा चांगल्या हेडफोनमध्ये घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा व त्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झची असते. मांडीवरच्या संगणकाचे चिमुकले कर्णे तिथवर उतरूच शकत नाहीत. वरच्या उपस्वरांवरून कान खर्जाची कल्पना करून घेतो, एवढेच. ध्वनिवर्धक कोपऱ्यात कोंबले तर उलट खर्ज फुगतो व डग्ग्याची घुमक घोंगावू लागते. भिंतीपासून दोन हात पुढे आणणे ही विनामूल्य सुधारणा आहे, आणि फरशीच्या उघड्या खोलीत एक जाड सतरंजी व पुस्तकांनी भरलेले कपाट जे काम करतात ते कोणतेही सॉफ्टवेअर करीत नाही. संगणकाचा पंखा मंद, रुंद पात्यांचा असावा. वीजजोडणीस खरी भूतार नसेल तर 50 हर्ट्झची गुणगुण तंबोऱ्याच्या खालीच येऊन बसते.

यावर असा आक्षेप येईल की, सामान्य रसिकाला पाठचिकित्सा नको आहे, त्याला गाणे हवे आहे. खरखर काढलेली प्रत त्याला सुखद वाटत असेल तर संशोधकाने मध्ये का यावे? आक्षेप रास्त आहे. सुबोध आवृत्ती काढण्यास कोणाचीच हरकत नसते. मात्र सुबोध आवृत्तीच मूळ म्हणून फिरू लागली, आणि तिच्यावरून घराण्यांच्या आवाजाविषयी, लयीविषयी व उच्चाराविषयी प्रबंध लिहिले जाऊ लागले, म्हणजे प्रश्न रसिकतेचा उरत नाही. अब्दुल करीम खाँ यांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील मुद्रणे व 1930 नंतरची मुद्रणे शेजारी ठेवून त्यांचा आवाज वयानुसार कसा पालटला हे सांगू पाहणाऱ्याला दोन्हींचा वेग ठाऊक असल्याखेरीज एक वाक्यही खात्रीने लिहिता येणार नाही.

1977 मध्ये अंतराळात पाठविलेल्या 'व्हॉयेजर' यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तीत गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्या तबकडीच्या वेष्टनावर एका फेरीस किती काळ लागावा हे हायड्रोजन अणूच्या कालमानात कोरून दिलेले आहे. तो काळ 3.6 सेकंदांचा होतो. सोबत सुईही दिलेली आहे. आपल्या विभागांच्या ध्वनिसंग्रहांत आज ज्या ध्वनिफिती जमा होत आहेत, त्यांच्या नावात बहुधा राग व गायक एवढेच असते. तबकडीचा क्रमांक, वाजविलेला वेग, सुईची जाडी, समतोलाचा नियम, आणि खरखर काढली असल्यास कोणत्या सॉफ्टवेअरने व किती, या पाच नोंदी प्रत्येक फितीच्या पोटात लिहून ठेवता येतात. फ्लॅक या हानिरहित प्रकारात त्यासाठी जागा मुळातच ठेवलेली आहे. न पुसलेली पहिली प्रत वेगळी जपावी आणि घरी ऐकण्यासाठी हवी तशी दुसरी करावी. चार मिनिटांहून कमी लांबीच्या तबकडीची ही पहिली प्रत 24 बिटांत व 96,000 नमुन्यांनीही, एकच वाहिनी घेतल्यास, सत्तर मेगाबाइटांत मावते.