खडकाचे वय आणि खुणेचा धनी

मध्य प्रदेशातील सीधी जिल्ह्यात चोरहट परिसरात विंध्यन खडकमालिकेतील वालुकाश्म आढळतात. त्यांवरील वळणदार, अरुंद खुणा म्हणजे किड्यांसारख्या प्राण्यांनी खणलेली बिळे होत, असा निबंध आडोल्फ सायलाखर, प्रदीप बोस व फ्रीडरिश फ्ल्युगर यांनी १९९८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. खडकांचे वय त्यांनी १०० कोटी वर्षांहून अधिक धरले होते. दावा खरा ठरता तर प्राण्यांचा इतिहास जवळजवळ दुप्पट लांबला असता.

त्याच वर्षी रफत आझमी यांनी या मालिकेतील वरच्या चुनखडीत बारीक कवचांचे जीवाश्म सापडल्याचे नोंदवले. अशी कवचे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीची मानली जातात. मग त्याच मालिकेतली बिळे एवढी जुनी कशी? वाद वयाभोवती फिरू लागला.

२००२ साली दोन गटांनी ज्वालामुखीजन्य थरांतील झिरकॉनचे स्फटिक तपासले. झिरकॉन घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे जवळजवळ घेत नाही. म्हणून त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते आणि त्यावरून वय काढता येते. उत्तर आले सुमारे १६० कोटी वर्षे!

वय पक्के झाले, म्हणजे बिळांचा दावाही पक्का झाला का? मुळीच नाही. प्राण्यांच्या विश्वासार्ह खुणा सुमारे ५६ कोटी वर्षांपासूनच्या आहेत. मधली १०० कोटी वर्षे प्राण्यांनी कोठेच माग ठेवला नाही, हे पटणे कठीण. शिवाय या वाळूवर सूक्ष्मजीवांचा चिवट थर होता, हे मूळ निबंधातच मान्य केले आहे. असा थर आकसतानाही भेगा पडू शकतात.

आमच्या मते उणीव निरीक्षणात नव्हती. 'खडक केव्हाचा?' आणि 'खूण कोणाची?' हे दोन प्रश्न एकात गुंतवले गेले, ही खरी उणीव. आझमींचेही तसेच झाले. त्यांचे जीवाश्म खरे होते, पण वय चुकले, असे २००९ साली दाखवले गेले. २०१७ साली त्याच मालिकेतील, तांबड्या शैवालासारख्या एका जीवाश्माला 'रफताझ्मिया' हे नाव देण्यात आले.

पावसानंतर शाळेच्या मैदानावर गांडुळाचा माग आणि सुकत्या चिखलातील भेग शेजारी शेजारी पाहावी. माग सारख्या रुंदीचा राहतो. भेग बहुधा टोकाशी निमुळती होते. अशी तुलना केलेला विद्यार्थी 'सर्वांत जुना' हे शब्द वाचताच विचारील: जुना कोण, खडक की प्राणी?