पद, संबोधन आणि आत्मकथन : अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या लेखनाचा विचार

पदाची मुदत संपली म्हणजे पदवाचक शब्दही गळून पडावा, ही प्रजासत्ताकातील साधी अपेक्षा होय. अमेरिकेत ती आरंभी पाळली गेली. १७९७ साली पदमुक्त झालेले वॉशिंग्टन पुन्हा ‘जनरल वॉशिंग्टन’ झाले. थिओडोर रूझवेल्ट यांना १९०९ नंतर ‘कर्नल’ हेच संबोधन रुचत असे. जे पद एका वेळी एकच व्यक्ती धारण करू शकते, त्याचे नाव पदत्यागानंतर संबोधनात वापरू नये, असा तेथील जुन्या शिष्टाचाराचा दंडक आहे. तथापि आजचे मुलाखतकार आणि सभाध्यक्ष माजी राष्ट्राध्यक्षांना बहुधा ‘मिस्टर प्रेसिडेंट’ असेच संबोधतात.

येथे निर्देश आणि संबोधन या दोन भाषाव्यवहारांतील भेद स्पष्ट होतो. वृत्तात ‘माजी’ हे विशेषण असते. समोरासमोर ते नाहीसे होते. मराठीचा अनुभवही निराळा नाही. ‘माजी’ हा शब्द मूळ अरबी. उर्दू व्याकरणात भूतकाळाचे नावच ‘माज़ी’ असे आहे. परंतु ‘माजी अध्यक्ष, बसा’ असे कोणी कोणास म्हणत नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांची वतने गेली, पण ते शब्द आडनावे होऊन राहिले. आणि आडनावाला ‘माजी’ लावता येत नाही. अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचे पद याच वाटेने व्यक्तिनामाकडे सरकत आहे. या स्थित्यंतराची खूण त्या व्यक्तींच्या आत्मकथनांत जितकी स्पष्ट उमटते, तितकी त्यांच्या भाषणांतही उमटत नाही.

स्थित्यंतराची बाह्य कारणे थोडक्यात सांगता येतात. १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने दोनदा निवडून आलेल्यास तिसऱ्यांदा निवडून येण्यास मज्जाव केला. १९५५ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या नावाची ग्रंथालये शासनाने सांभाळण्याची व्यवस्था झाली, आणि १९५८ च्या कायद्याने निवृत्तिवेतन, कार्यालय व सेवकवर्ग मिळू लागला. या शेवटच्या कायद्यामागे ट्रुमन यांच्या आर्थिक ओढगस्तीची कथा होती. अलीकडील संशोधनाने त्या कथेविषयी गंभीर शंका उपस्थित केली आहे. पुढे द्रव्याचा प्रश्नच उरला नाही. १९८९ साली रीगन यांना जपानच्या एका दौऱ्यासाठी सुमारे २० लक्ष डॉलर मिळाले. निवडणुकीने पुन्हा त्याच पदावर येणे मात्र दोघांनाच साधले : १८९३ साली क्लीव्हलँड आणि २०२५ साली ट्रम्प. इतरांना पदाचे जे काही उरते ते शब्दांतच जपावे लागते.

ट्रुमन यांच्या आठवणींचा पहिला खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘इयर ऑफ डिसिजन्स’. धाकट्या बुश यांच्या २०१० मधील ग्रंथाचे नाव ‘डिसिजन पॉइंट्स’, आणि त्याची मांडणीही कालक्रमाने नसून निर्णयागणिक आहे. पंचावन्न वर्षांच्या अंतराने, परस्परविरोधी पक्षांच्या दोन पुरुषांनी शीर्षकासाठी एकच शब्द निवडावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. ‘ठरवणे’ या क्रियापदाचे ‘निर्णय’ हे नाम झाले की ठरवण्यातील घालमेल, काळ आणि चूक ही नामाच्या पोटात गडप होतात, आणि वाचकाच्या हाती एक घडीव वस्तू येते. या वस्तूला एकच धनी असतो : ‘मी’. म्हणून अशा ग्रंथांत नामे आणि सर्वनामे यांची गर्दी होते, तर क्रियापदे निस्तेज पडतात. लेखक भूतकाळ सांगत नाही. पदावरील आपला ताबा पुढे चालवतो. ट्रुमन यांनी १९६० साली दुसरे एक पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘मिस्टर सिटिझन’. नागरिकत्वाला ‘मिस्टर’ची जोड देताना ‘मिस्टर प्रेसिडेंट’चा साचा त्यांनी तसाच ठेवला आहे. सामान्य नागरिकाला आपण नागरिक आहोत हे मुखपृष्ठावरून जाहीर करावे लागत नाही.

याउलट ग्रँट यांचे आत्मकथन पाहावे. १८८४ साली त्यांची भागीदारीतील पेढी बुडाली. पाठोपाठ घशाचा कर्करोग जडला. कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्यांनी लेखन हाती घेतले आणि २३ जुलै १८८५ रोजी मृत्यू येण्यापूर्वी काही दिवस ते पुरे केले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या या दोन खंडांनी त्यांच्या विधवा पत्नीस सुमारे साडेचार लक्ष डॉलर मिळवून दिले. विलक्षण गोष्ट ही की, आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या या पुरुषाच्या ग्रंथात त्याच्या अध्यक्षपदाचे कथन नाही. मेक्सिकन युद्ध आणि यादवी युद्ध एवढाच त्याचा मुख्य विषय. अध्यक्षपदाच्या काळातील भ्रष्टाचार पाहता हे मौन सोयीचे होते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो निराधार नाही. परंतु गद्याच्या दृष्टीने हे मौन फलदायी ठरले. ग्रँट यांची वाक्ये लष्करी हुकुमासारखी आहेत : कोण, कोठे, केव्हा निघाला आणि काय झाले. विशेषणे अल्प, क्रियापदे ठाम. आवाज गेल्यामुळे ते अखेरीस चिठ्ठ्या लिहून बोलत. वैद्यांना लिहिलेल्या एका चिठ्ठीत, आपण पुरुषवाचक सर्वनाम नसून क्रियापद आहोत, आणि असणे, करणे व सोसणे हे तिन्ही अर्थ आपल्या ठायी आहेत, अशा आशयाची टिप्पणी आहे. मरणासन्न माणसाने केलेले हे व्याकरण त्याच्या शैलीचे अचूक वर्णन आहे; टीकाकारास त्यात भर घालण्यासारखे फारसे उरत नाही.

दोन्ही प्रकार एकाच लेखकाच्या ठिकाणी पाहावयाचे असतील तर कार्टर यांच्याकडे वळावे. १९८१ साली पदमुक्त झाल्यापासून २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४४ वर्षे, ते माजी राष्ट्राध्यक्ष होते. हा काळ इतर कोणाच्याही वाट्याला आला नाही. २००२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना याच काळात मिळाले. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी १९६६ ते १९६८ या काळात मुंबईजवळ विक्रोळी येथे ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका म्हणून रुग्णसेवा केली होती, स्वतः कार्टर २००६ साली लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरे बांधण्यास आले. १९८२ चे ‘कीपिंग फेथ’ हे त्यांचे पदाविषयीचे आत्मकथन परिश्रमपूर्वक लिहिलेले, तपशीलवार आणि नीरस आहे; कँप डेव्हिडच्या वाटाघाटींचा भाग तेवढा अपवाद. २००१ च्या ‘ॲन अवर बिफोर डेलाइट’ या पुस्तकात मात्र जॉर्जियातील शेतावरचे बालपण आहे, आणि लेखणी एकाएकी सैल होते. त्यातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या गाभ्याचा आहे. सुमारे चौदा वर्षांचे कार्टर दोन कृष्णवर्णीय सवंगड्यांबरोबर कुरणाच्या फाटकाशी येतात. ते दोघे फाटक उघडतात आणि मागे सरून त्यांना प्रथम जाऊ देतात. ही काहीतरी खोडी असावी, पायात तार अडकेल, असे त्या मुलाला वाटते. तार नसते. ज्याने काही मिळविले नाही त्याला केवळ वर्णामुळे मान मिळाला, आणि तो मान देणाऱ्यांनी निमूटपणे दिला. संबोधनातील आदरही पुष्कळदा असाच, देणाऱ्याच्या सवयीवर जगत असतो. कार्टर यांनी येथे उपदेश फारसा केलेला नाही. वेगवेगळ्या वाचकांना या दोन पुस्तकांतील कोणते अधिक महत्त्वाचे वाटेल ते वाटो. साहित्य म्हणून दुसरेच टिकेल.

ओबामा यांच्या २०२० च्या ‘अ प्रॉमिस्ड लँड’ची गणना कोठे करावी, हे ठरविणे अवघड आहे. सातशे पृष्ठांचा हा पहिलाच खंड २०११ पर्यंत येऊन थांबतो. लेखकाला वाक्याचा कान आहे, आपल्या हेतूंविषयी संशयही आहे. पण तो संशय इतक्या सफाईने मांडला जातो की तोच एक बचाव होऊन बसतो.

या सर्वांहून वेगळा मार्ग जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा. १८२९ साली पदमुक्त होऊन १८३१ पासून ते प्रतिनिधिगृहाचे साधे सदस्य झाले, आणि गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात विचारात न घेण्याचा नियम १८४४ साली रद्द होईपर्यंत त्याविरुद्ध झगडत राहिले. ते आयुष्यभर रोजनिशी लिहीत होते, आणि तीत त्या दिवसाच्या कामाचा हिशेब असे. त्या सभागृहाच्या रूढीप्रमाणे सदस्याचा उल्लेख त्याच्या राज्यावरून होतो. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी आपल्या जागेवरच ते कोसळले आणि दोन दिवसांनी कॅपिटॉलमध्येच निवर्तले, तोपर्यंत सतरा वर्षे सभागृहाच्या भाषेत ते ‘मॅसॅच्युसेट्सचे सदस्य’ होते.