मेंढी कुणाची होती?

कन्फ्यूशियसच्या वचनांचा संग्रह म्हणजे ‘लुन यू’. त्याच्या तेराव्या भागात एक लहानसा संवाद आहे. शे प्रांताचा अधिपती आपल्याकडच्या एका सरळमार्गी माणसाची तारीफ करतो : बापाने मेंढी लांबवली, तर या पठ्ठ्याने बापाविरुद्ध साक्ष दिली! कन्फ्यूशियसला हे पटत नाही. आमच्याकडे बाप-लेक एकमेकांचे झाकून घेतात आणि सरळपणा त्यातच सापडतो, असे तो सांगतो.

जेम्स लेगच्या १८६१ सालच्या इंग्रजी भाषांतरात हा संवाद मी प्रथम वाचला, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. त्याला कारण होते. माझा थोरला भाऊ गल्लीतल्या उत्सव मंडळाचा खजिनदार होता. वर्गणीची पावतीपुस्तके आणि जमाखर्चाची वही यांचा मेळ बसत नाही, हे मला घरात सर्वांआधी कळले होते. मी दोन वर्षे गप्प राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपले जुने शहाणपण. त्यावर आता अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ऋषितुल्य माणसाची मोहोर उमटली, असे मी समजलो.

ती समजूत पुढे टिकली नाही. मला चिनी येत नाही. कोश शेजारी ठेवून एकेक चित्राक्षर लावत मूळ वाक्यापाशी गेलो, तेव्हा ‘त्यातच’ या शब्दाशी अडखळलो. हीच रचना ‘लुन यू’त इतरत्रही येते. शेती करणाऱ्यालाही उपासमार चुकत नाही, विद्या शिकणाऱ्याला वेतन मिळून जाते, जाडेभरडे खाऊन पाणी प्यायले तरी आनंद असू शकतो, हे सारे सांगताना कन्फ्यूशियस ‘त्यातच’ म्हणतो. पण उपाशी राहण्यासाठी कुणी नांगर धरत नाही आणि भरड अन्न म्हणजे आनंद नव्हे. मग झाकणे म्हणजेच सरळपणा, असे तरी कसे म्हणता येईल? झाकण्याच्या पोटात सरळपणा असू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. तो कशाने येतो, हे शोधायला हवे.

माझ्या मते उत्तर चौथ्या भागात आहे. आईवडिलांची चूक हळुवारपणे त्यांच्या नजरेस आणावी, त्यांनी ऐकले नाही तरी आदर सोडू नये, कष्ट पडले तरी कुरकुर करू नये, असे तिथे सांगितले आहे. हे दोन उतारे एकत्र वाचले, की चित्र पालटते. मुलाने वेशीवर बोंब मारायची नाही, पण उंबऱ्याच्या आत बोलायचे आहे. बाहेरचे मौन आतल्या बोलण्याच्या भरवशावर उभे आहे. कन्फ्यूशियस म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे मुकाट मान तुकवायला शिकवणारा, या आपल्याकडच्या समजाला इथे तडा जातो.

मात्र हा तोल पुढे राहिला नाही. मूळ वाक्यात बापाने मुलाचे झाकण्याचा उल्लेख आधी येतो. हान घराण्याच्या श्वान सम्राटाने इ. स. पू. ६६मध्ये काढलेल्या फर्मानात क्रम उलटा आहे. मुलाने आईवडिलांना, पत्नीने पतीला, नातवाने आजी-आजोबांना लपवले तर शिक्षा नाही. थोरांनी धाकट्यांना लपवले आणि गुन्हा देहदंडाचा असला, तर प्रकरण वरिष्ठ न्यायाधिकाऱ्यामार्फत दरबारात जायचे. इ. स. ६५३च्या थांग दंडसंहितेने एकत्र राहणाऱ्या आप्तांना परस्परांचे झाकण्याची मुभा दिली (राजद्रोहासारखे गुन्हे वगळून). पण आईवडिलांविरुद्ध फिर्याद करणाऱ्या मुलाला फासाची शिक्षाही ठेवली. बाप-लेकांमधली माया होती, तिचा धाक झाला.

हा वाद आजही जिवंत आहे. चालू शतकाच्या आरंभी लिऊ छिंगफिंग यांनी आप्तांना झुकते माप देणाऱ्या या विचारात भ्रष्टाचाराचे बीज असल्याचा आरोप केला. गुओ छीयोंग आदींनी त्याचा प्रतिवाद केला. चीनच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आरोपीचा जोडीदार, आईवडील आणि मुले यांच्यावर साक्षीसाठी न्यायालयात हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. ही तरतूद मला योग्य वाटते. बापाविरुद्ध मुलाला उभे करून मिळवलेला न्याय घराला फार महाग पडतो.

तरीही माझी एक तक्रार उरते आणि ती खुद्द कन्फ्यूशियसकडे आहे. या संवादात अधिपती आहे, बाप आहे, मुलगा आहे; मेंढीचा मालक नाही. त्याची मेंढी परत गेली का, हे कुणी विचारत नाही. आतल्या बोलण्याला अर्थ यायचा असेल, तर त्याचा शेवट मालकाच्या दारात व्हायला हवा. बापाचे नाव न घेता मुलगा मेंढी परत बांधून येऊ शकतो. पण ही पायरी मूळ संहितेत नाही. ती आपल्याला घालावी लागते आणि ती आपण घालतो आहोत, हे कबूलही करावे लागते.

भावाचे प्रकरण शेवटी इतरांनीच उघडकीला आणले. मी बाहेर बोललो नाही, याचे मला आजही वाईट वाटत नाही. मी घरातही बोललो नाही, याचे वाटते. त्या वर्गणीत आमच्या गल्लीतल्या पोळ्या लाटून संसार चालवणाऱ्या एका बाईंचे एक्कावन्न रुपये होते. तिची पावती मीच फाडली होती.