शांत मनाने लिहायचे, संकटात वाचायचे

आत्महत्या रोखण्यासाठी निघालेल्या मोबाइल अ‍ॅपची चिकित्सा आजवर वैद्यक आणि संगणक या दोन शाखांनी केली आहे. साहित्याच्या अभ्यासकाचे तिथे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की यांतल्या अनेक अ‍ॅपच्या गाभ्याशी एक लिखित संहिता असते. तिला ‘सुरक्षा योजना’ म्हणतात. मन ताळ्यावर असताना माणूस ती लिहितो आणि जगणे नकोसे वाटू लागले की तीच उघडून वाचतो. लेखक आणि वाचक एकच, मनःस्थिती मात्र दोन. पहिल्या मनाचे शब्द दुसऱ्या मनाला आपले वाटतील का, ही या संहितेची कसोटी. आणि ती भाषेची कसोटी आहे.

प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातले. हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता.

योजनेचा सर्वांत प्रचलित आराखडा बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा. त्यात सहा पायऱ्या आहेत: संकटाची पूर्वचिन्हे, स्वतःला सावरण्याचे उपाय, मन रमवणारी माणसे आणि ठिकाणे, मदत मागता येईल अशी माणसे, तज्ज्ञ व संस्था, आणि शेवटी भोवताल सुरक्षित करणे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १,६४० रुग्णांची तुलना होती. ज्यांच्याबरोबर बसून योजना लिहिली गेली आणि नंतर फोनवरून विचारपूस झाली, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत आत्महत्येशी निगडित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळले. या निष्कर्षातला ‘बरोबर बसून’ हा भाग मला कळीचा वाटतो.

ऑस्ट्रेलियातले ‘बियॉन्ड नाऊ’, ब्रिटनमधले ‘स्टे अलाइव्ह’ अशा अ‍ॅपनी ही योजना फोनमध्ये आणली. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. कागद हरवतो, फोन रात्री दोन वाजताही उशाशी असतो. पण आराखडा आला तेव्हा शेजारी बसणारा माणूस बहुधा मागे राहिला. जे आले तेही नेहमी बिनचूक नव्हते. नैराश्य आणि आत्महत्या-प्रतिबंधाच्या ६९ अ‍ॅपची पाहणी २०१९ मध्ये ‘बीएमसी मेडिसिन’ या नियतकालिकात आली. प्रतिबंधाचे सहाही उपाय फक्त पाच अ‍ॅपमध्ये होते, आणि सहा अ‍ॅपनी मदतवाहिनीचा क्रमांकच चुकीचा दिला होता. पुस्तकातला मुद्रणदोष शुद्धिपत्राने निस्तरता येतो; इथे तेवढी सवड नसते.

हा आराखडा मी चिखला गाव डोळ्यांपुढे ठेवून वाचला. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले हे गाव मॉयलच्या मँगनीज खाणीसाठी ओळखले जाते. मुलूख धानाचा, बोली झाडी. तिच्यात ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘डोळा’चा ‘डोरा’. पहिल्या रकान्यात ‘नकारात्मक विचार’ किंवा ‘भावनिक ताण’ असे भाषांतरित शब्द आयते दिले, तर इथला माणूस त्यांवर बोट ठेवील, पण त्यांत स्वतःला ओळखणार नाही. मन लागत नाही, जीव कावला, घास उतरत नाही, रात्रभर डोरा लागत नाही, ही त्याची पूर्वचिन्हे. ती त्याच्याच तोंडून आली पाहिजेत.

तिसऱ्या रकान्यात मंडई लिहिता येईल, दंडार लिहिता येईल. पण मंडई भाऊबीजेनंतरची. पाऊस लांबून रोवणी अडली, पऱ्हे वाळू लागले, तेव्हा काय? ऋतूनुसार बदलणारा रकाना या आराखड्यात नाही. चौथा रकाना त्याहून अवघड. तिसऱ्यातल्या माणसाला काही सांगायचे नसते, फक्त त्याच्या सोबतीत बसायचे असते. चौथ्यातल्याला सगळे सांगायचे असते. लहान गावात दोन्ही रकान्यांत तीच माणसे येतात, आणि पानठेल्यावर सोबत देणारा पोटात गोष्ट ठेवील याची खात्री नसते. ‘संपर्क जोडा’ हे बटण दाबणे सोपे. कोणाचे नाव जोडायचे हा निर्णय कठीण. शिवाय फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर योजना खासगी राहील कशी?

सहावी पायरी तर एकट्याने चढताच येत नाही. घरातले कीटकनाशक दूर ठेवायचे, तर ते दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे लागते. तेवढ्यानेही भागत नाही. श्रीलंकेत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन मोठी चाचणी झाली; २०१७ मधल्या निष्कर्षानुसार पेट्यांनी लक्षणीय फरक पडला नाही. अतिविषारी कीटकनाशकांवरील सरकारी बंदीनंतर मात्र तिथले आत्महत्यांचे प्रमाण खूप खाली आले. म्हणजे या रकान्याचा काही भाग शासनाने भरायचा आहे.

मागे राहिलेला माणूस परत आणता येतो, याचा दाखला विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्त्यांकरवी काम केले. २०१७ च्या अहवालानुसार नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

म्हणून माझा निष्कर्ष असा: अ‍ॅप ही चांगली वही आहे, सोबती नव्हे. चिखल्यासाठी ती बनवायची तर रकाने कोरे ठेवावेत, ते आशाताईंसारख्या कोणाबरोबर बसून, बोलीत भरावेत, आणि रोवणीपूर्वी व कापणीनंतर पुन्हा वाचावेत. पाचव्या रकान्यात मात्र आजच लिहिता येईल असा एक क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली, मराठीतही बोलणारी, चोवीस तासांची निःशुल्क ‘टेली-मानस’ सेवा: १४४१६. तिथे पलीकडे माणूस असतो.