‘देवराई’ आणि औषधोपचारानंतरचे प्रश्न

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट स्किझोफ्रेनियाविषयीच्या लोकजागृतीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्यामागे मूळचे धुळ्याचे, कॅलगरी विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारच्या अभ्यासकांना म्हणूनच ही कलाकृती जवळची वाटावी.

अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष हा दैवी कोपाचा बळी नसून रुग्ण आहे, हे प्रेक्षकांच्या मनावर ठसविण्यात चित्रपट यशस्वी होतो. त्याचा भर आजाराची ओळख, उपचारांचा स्वीकार आणि कुटुंबाचा आधार यांवर आहे. परंतु उपचार स्वीकारल्यानंतरची दीर्घ वर्षे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. ही त्याची मर्यादा होय.

मनोविकारविरोधी औषधांच्या दीर्घ वापराने काही रुग्णांत जीभ, ओठ, जबडा व हातापायांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. यास टार्डिव्ह डिस्कायनेसिया म्हणतात. जुन्या पिढीच्या औषधांत व वृद्धांत हा धोका अधिक असतो. याउलट, उपचारांच्या आरंभी उद्भवणारी तीव्र अस्वस्थता आजार बळावल्याचे लक्षण समजली गेली, तर मात्रा वाढविली जाते आणि त्रासही वाढतो. कंप व ताठरपणा यांवर दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळी टार्डिव्ह डिस्कायनेसिया वाढवू शकते. म्हणजेच, सर्व हालचालींवर एकच उपाय चालत नाही.

घाबरून औषध अचानक बंद करणे हाही मार्ग नव्हे. त्याने मूळ आजार उलटू शकतो व हालचालीही तीव्र होऊ शकतात. मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने मात्रा कमी करणे, क्लोझापिनसारख्या कमी धोक्याच्या औषधाकडे वळणे किंवा टेट्राबेनझिनसारखे औषध देणे हे पर्याय आहेत. अमेरिकेत २०१७ मध्ये याच विकारासाठी व्हॅलबेनझिन व ड्यूटेट्राबेनझिन यांना मान्यता मिळाली. तथापि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठरावीक काळाने रुग्णाची जीभ, बोटे व चाल यांची पद्धतशीर तपासणी. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत.

अक्राणी व अक्कलकुवा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत ही तपासणी पावरी, भिली बोलींतून झाली, तरच रुग्णाला आपला त्रास सांगता येईल. भाषा व समाजशास्त्र विभागांनी येथे आरोग्यसेवेस साहाय्य करावे. ‘देवराई’ने रुग्णाला उपचारांपर्यंत आणले, त्या उपचारांची किंमत त्याच्या शरीराला किती मोजावी लागते, हे पाहणे पुढील मराठी कलाकृतींचे व आपलेही दायित्व आहे.