७२ सेकंदांचे विज्ञान

माझा भाचा गेली दोन वर्षे स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात राहतो आहे. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात चौघांत एक खोली, जवळच्या अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याची एक खुर्ची, आणि रविवारी जेवायला माझ्याकडे. अशाच एका रविवारी त्याने वही पुढे केली. "मावशी, लोणारचं वय किती गं? एका पुस्तकात ५२ हजार वर्षं दिलंय, दुसऱ्यात ५ लाख ७० हजार. मी कोणतं पाठ करू?"

मी भूशास्त्राची. खडकांच्या वयाचा प्रश्न आला की माझे जेवण थंड होते. त्या दिवशीही झाले. पाऊण तास मी बोलत होते. सगळे शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "ते ठीक आहे गं. पण पर्याय अ की ब?"

मी त्याला त्याची सामान्य विज्ञानाची पुस्तके महिनाभर माझ्याकडे ठेवायला सांगितली. पाच होती. सगळी मराठी, सगळी जाडजूड आणि चांगल्या खपाची. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे. पुस्तकांची नावे देत नाही. एकातली चूक दुसऱ्यात इतक्या इमानाने उतरली आहे की एकट्यालाच दोष देणे अन्यायाचे होईल.

आधी एक गोष्ट मान्य करते. उद्या तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी होणाऱ्या माणसाला थोडे विज्ञान यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत आज जी पूर्वपरीक्षा असते ती १९७९ साली सुरू झाली, आणि ती ज्या समितीच्या शिफारशीवरून आली तिचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. ताऱ्यांच्या अंतरंगातील द्रव्यावर काम केलेला माणूस. (शिक्षकांना त्यांचे नाव १९६४-६६ च्या शिक्षण आयोगामुळे ठाऊक असतेच.) उमेदवार हजारोंनी वाढले, सर्वांचे निबंध तपासणे अशक्य झाले, म्हणून वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाळणी आली. यात गैर काही नाही. आज त्या चाळणीतील सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत दोन तासांत १०० प्रश्न असतात. एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा. अशा परीक्षेत विचार करत बसणारा मागे पडेल, ही भीती स्वाभाविक आहे. मार्गदर्शक पुस्तके या भीतीवरच पोसली गेली आहेत. ती विज्ञान शिकवत नाहीत, उत्तरे पुरवतात. प्रश्न एका ओळीचा, उत्तर एका शब्दाचे, आणि 'कशावरून' हा शब्द पाचही पुस्तकांत मिळून मला एकदाही सापडला नाही.

मग चुका होणारच. काही चुका अगदी मुळातल्या आहेत. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हे विधान पाचांपैकी तीन पुस्तकांत आहे. एकात सोबतीला तुळसही आहे. वनस्पती ऑक्सिजन सोडते ती प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचा रेणू फोडते तेव्हा. अंधारात हे काम चालत नाही, मग झाड कोणतेही असो. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, हे खरे आहे. पण तो आत घेणे म्हणजे ऑक्सिजन बाहेर सोडणे नव्हे. दोन वाक्यांत सांगता येण्याजोगी ही गोष्ट सातवी-आठवीच्या पाठ्यपुस्तकातील प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यावरूनच तपासता येते. धडा पुस्तकात आहे, पिंपळ गाइडात आहे आणि दोघांची गाठ कधी पडत नाही.

जिभेच्या नकाशाचे तसेच. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट-खारट. १९०१ साली एका जर्मन संशोधकाला जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत किंचित फरक आढळला होता. पुढे इतरांनी त्या आलेखाचा असा अर्थ लावला की एका भागाला एकच चव कळते. साखरेच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून जिभेच्या मागच्या भागाला लावला की नकाशा तिथल्या तिथे निकालात निघतो. वर्गात पाच मिनिटांचे काम आहे.

रामन परिणामामुळे आकाश निळे दिसते, हे तिसरे विधान. त्याचे मला अधिक वाईट वाटले, कारण त्यात एका सुंदर गोष्टीचा चुराडा झाला आहे. आकाशाची निळाई रॅले यांनी सांगितलेल्या विकिरणातून येते. त्यात प्रकाशाची तरंगलांबी बदलत नाही, फक्त निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतो. १९२१ च्या सागरप्रवासात रामन यांना समुद्राच्या निळाईने गुंतवले. ती निळाई म्हणजे नुसते आकाशाचे प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवले. हा धागा धरून काम करता करता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांच्या हाती वेगळेच काही लागले: विखुरलेल्या प्रकाशाच्या अगदी थोड्या अंशाची तरंगलांबी बदललेली असते. तोच रामन परिणाम. त्याचा आकाशाच्या रंगाशी संबंध नाही, प्रवासाशी मात्र आहे. एका पुस्तकात २८ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस म्हणूनही दिला आहे. तो ७ नोव्हेंबरला येतो.

अशा चुका खोडरबराने दुरुस्त होतील. ज्या उत्तरांना तारीख असते आणि ती तारीख छापलेली नसते, त्यांचा प्रश्न अवघड आहे. 'सर्वाधिक उपग्रह असलेला ग्रह कोणता?' हा प्रश्न पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये शनीचे ज्ञात उपग्रह ८२ झाले आणि तो गुरूच्या पुढे गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरू ९२ वर पोहोचून पुन्हा पहिला झाला. त्याच वर्षी मे महिन्यात शनी १४५ वर गेला, आणि मार्च २०२५ मध्ये २७४ वर. २०२३ च्या मार्चमध्ये छापलेले पुस्तक दोन-तीन महिनेच बरोबर होते. हे नवे उपग्रह म्हणजे बहुतेक काही किलोमीटरांचे धोंडे आहेत. दुर्बिणी सुधारतील तशी संख्या वाढणार. मोठ्या ग्रहांभोवतीच असे धोंडे का सापडतात, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. तो कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर एका शब्दात बसत नाही.

आता लोणार. माझ्या भाच्याच्या वहीत त्याविषयी दोन ओळी होत्या: 'उल्कापातामुळे निर्माण झालेले खाऱ्या पाण्याचे सरोवर. जिल्हा बुलढाणा.' दोन्ही बरोबर. पण पहिल्या ओळीमागे दीडशे वर्षे दडली आहेत. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर बराच काळ पुष्कळ जाणकार हे ज्वालामुखीचे मुख मानत होते, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. चहूकडे शेकडो किलोमीटर लाव्हाचाच खडक पसरलेला. त्यात एक गोल खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. ज्वालामुखी मनात येणार नाही तर काय? अडचण एवढीच की दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आणि खड्डा त्या मानाने अगदी ताजा. १९७३ साली खड्ड्याच्या तळातून काढलेल्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले. हे जबर आघाताने काचेसारखे झालेले फेल्डस्पार. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. लोणार उल्कापाताचे ठरले ते या पुराव्यावर.

आणि वय? ५२ हजार हा आकडा काही कोणी हवेतून काढलेला नाही. आघातात वितळून बनलेल्या काचेचे तप्तदीप्ती पद्धतीने केलेले ते मापन होते. ती काच शेवटची तापली त्यानंतर किती काळ गेला, हे त्या पद्धतीने कळते. पुढे वितळून थिजलेल्या खडकाच्या नमुन्यांतील पोटॅशियमपासून साचत गेलेला अरगॉन मोजला गेला, तेव्हा उत्तर आले ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार वर्षे इकडेतिकडे. हा निष्कर्ष २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. दोन पद्धतींच्या उत्तरांत दहापटीहून जास्त अंतर! मला दुसरे उत्तर अधिक भक्कम वाटते, कारण अरगॉनचे घड्याळ किरणोत्सारावर चालते आणि नंतरच्या किरकोळ तापण्याने सहसा बिघडत नाही. गाइडात यातले काय आहे? एका गाइडात जुना आकडा, दुसऱ्यात नवा, दोन्ही पद्धतीविना, वर्षाविना आणि अनिश्चिततेविना. 'इकडेतिकडे ४७ हजार' हा भाग कुठेच नाही. विज्ञानातील मोजमापाचा अर्धा अर्थ तर त्यातच असतो.

कोणी म्हणेल, सरोवराचे वय चुकले म्हणून अधिकाऱ्याचे काय अडते? खरे आहे, काही अडत नाही. म्हणून भूकंपाकडे वळते.

'भूकंपाची तीव्रता रिश्टर मापकावर मोजतात,' हे वाक्य पाचही पुस्तकांत आहे. रिश्टर यांनी १९३५ साली आपले माप दक्षिण कॅलिफोर्नियासाठी बनवले. मोठ्या भूकंपांसाठी आता वेगळी मापनपद्धती वापरतात, पण ते सोडून देऊ. घोटाळा 'तीव्रता' या शब्दात आहे. भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा सुटली, ती एक गोष्ट; तिला आपण महत्ता म्हणू. आणि तुमच्या गावात जमीन किती हादरली, घरांचे काय झाले, ती दुसरी, ती तीव्रता. दिव्याचा वॅट एकच असतो, पण पुस्तकावर पडणारा उजेड तुम्ही किती दूर बसला आहात त्यावर ठरतो. महत्ता भूकंपाला एकच असते, तीव्रता मात्र गावागणिक बदलते, आणि ती मर्केलीसारख्या बारा पायऱ्यांच्या मापकावर सांगतात. शिवाय महत्ता एक एककाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ चा भूकंप ४ च्या भूकंपाच्या दीडपट नव्हे, ऊर्जेने हजारपट असतो.

किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हता, ६ च्या थोडा वर. पण तो उथळ होता, पहाटे झाला, आणि घरे होती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. महत्ता बेताची, तीव्रता भयानक. हा फरक ज्याला 'तीव्रता = रिश्टर' असा पाठ आहे त्याला कळणार कसा?

दुसरे असे की त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारी विभाग १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. तेव्हाच्या परीक्षेत तसे उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळाले असते. तो नकाशा मुख्यतः पूर्वी कुठे भूकंप झाले या नोंदींवर आधारलेला होता. जिथे नोंद नाही तिथे धोका कमी धरला होता. २००२ साली नकाशा सुधारला, विभाग १ रद्द होऊन चार विभाग राहिले आणि किल्लारी विभाग ३ मध्ये गेली. माझ्यासमोरच्या दोन पुस्तकांत भारताचे अजून पाचच विभाग आहेत. 'कमी धोका' याचा अर्थ 'भूकंप होत नाही' असा की 'झाल्याची नोंद आपल्याकडे नाही' असा, हे समजलेला अधिकारी आणि न समजलेला अधिकारी घरबांधणीच्या परवानगीवर सही करताना वेगळे वागतील. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोक रात्री घराबाहेर झोपू लागले, तेव्हा त्यांना सामोरे जाणारे कोण होते? अशीच पुस्तके वाचून परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण अधिकारी.

सगळा दोष गाइडांचा नाही. प्रश्न काढणाऱ्यांचाही आहे, आणि आपला शिक्षकांचा व संशोधकांचाही. आम्ही शोधनिबंध इंग्रजीत लिहितो, मराठीत लिहायला आम्हाला वेळ नसतो, आणि मग कोणीतरी जुन्या पुस्तकावरून नवे पुस्तक करतो तेव्हा नाक मुरडतो. केंद्रीय परीक्षेतील अलीकडचे बरेच प्रश्न दोन-तीन विधाने देऊन कोणते बरोबर ते विचारतात. तिथे नुसते पाठांतर अडखळते. ही सुधारणा मानायला हवी, जरी गाइडांनी त्यावरही 'सर्व शब्द असलेले विधान चूक समजावे' अशा युक्त्या शोधल्या असल्या तरी.

वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांना एक करता येईल. आठवड्यातून एक तास गाइड वर्गात उघडावे. एक पान घ्यावे आणि प्रत्येक उत्तरासमोर मुलांना तीन गोष्टी लिहायला लावाव्यात: हे कोणी ठरवले, केव्हा, कशावरून. पिंपळासमोर 'कशावरून'ची जागा रिकामी राहील, तीच खूण. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पूर्वपरीक्षेनंतर आधी तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध करतो आणि पुराव्यासह हरकती मागवतो. एखादी खरी हरकत वर्गाने मिळून तयार करावी. पुरावा म्हणजे काय आणि कोणते पुस्तक पुरावा म्हणून चालते, यावर जो वाद होईल तो कोणत्याही धड्यात नाही.

माझ्या भाच्याला हे पटले का? अर्धेच. "मावशी, माझ्याकडे वर्गही नाही आणि तासही नाही. मेमध्ये परीक्षा आहे." त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. दोन्ही आकडे पर्यायांत आले तर ५ लाख ७० हजार लिही, एवढे सांगितले. जुनाच आकडा असेल आणि नवा नसेल, तर परीक्षकाच्या मनातले ओळखून जुना लिही, हेही सांगितले, आणि सांगताना मला बरे वाटले नाही. त्याने वहीत दोन्ही आकडे लिहिले. पुढे कंसात दोन्हींच्या पद्धती लिहिल्या. मग घड्याळ पाहून अभ्यासिकेत गेला. पाचही पुस्तके अजून माझ्याकडेच आहेत, आणि रसायनशास्त्राचा भाग वाचायचा राहिला आहे.