कादंबरीमय इतिहास आणि सनावळीबाहेरची माणसे

रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हापासून मराठी वाचकाने आपला इतिहास बव्हंशी कादंबरीतूनच वाचला आहे. हरिभाऊंनी त्याला रूप दिले, नाथमाधवांनी वाचकवर्ग दिला, आणि वि. वा. हडपांनी तर आपल्या मालेचे नावच ‘कादंबरीमय पेशवाई’ ठेवले. या नावातील ‘मय’ हा प्रत्यय फारच प्रामाणिक आहे. ‘स्वामी’ (१९६२), ‘श्रीमान योगी’ (१९६८), ‘छावा’ (१९७९), ‘पानिपत’ (१९८८) या कृतींची वाङ्मयीन गुणवत्ता सारखी नाही. तरीही ग्रंथालयात त्या ज्या वाचकाच्या हाती जातात, तो त्यांना इतिहास म्हणूनच घरी नेतो. या संकराविषयी आपल्या समीक्षेने वेळोवेळी नापसंती व्यक्त केली आहे. परंतु हा संकर कोणाच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या येत नाही, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला.

या वाङ्मयप्रकाराला नायक लागतो आणि नायकामागे दप्तर लागते. बखर, पत्रव्यवहार, सनदा, महजर यांच्या आधारावरच कल्पिताला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण मिळते. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात १९४५ मध्ये वारली शेतमजुरांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याचेही दप्तर आहे. पण ते सावकाराची वही, पोलिसांचा अहवाल आणि सायमिंग्टनच्या १९३९ च्या सरकारी अहवालासारखे कागद यांचे आहे. ज्यांनी उठाव केला त्यांच्या हातचे त्यात काही नाही. शिवाय १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि या लढ्याचा भूप्रदेश दोन राज्यांत वाटला गेला. कोणत्याच राज्याच्या गौरवकथेत तो नीट बसेना. परिणामी ऐतिहासिक कादंबरीच्या शतकाहून अधिक काळाच्या परंपरेत या घटनेवर तिच्या तोलाची कादंबरी उभी राहिलेली नाही.

तिची जागा एका वेगळ्याच पुस्तकाने घेतली. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते आत्मकथन म्हणावे, चळवळीचा इतिहास म्हणावा की निवेदनपर गद्य, हे ठरवणे अवघड आहे; आणि सामान्य वाचक ते कादंबरीसारखे सलग वाचतो, हेही खरे. इथे ‘मी’ आहे, पण तो नायक नाही. भारत सेवक समाजातून किसान सभेकडे आलेली, पुण्याच्या सुशिक्षित घरातली ही निवेदिका लग्नगडी म्हणजे काय, लग्नापुरत्या कर्जापोटी नवराबायको दोघेही जमीनदाराचे कसे होतात, हे शिकत जाते आणि वाचकालाही शिकवते.

पुस्तकाच्या शीर्षकाने मात्र एक पेच निर्माण केला आहे. ‘जागा होतो’ म्हटले की आधीची झोप गृहीत धरली जाते, आणि जागे करणारा कोणीतरी बाहेरचा असतो. १९७५ मध्ये इंग्रजी अनुवाद आला तो ‘आदिवासीज रिव्होल्ट’ या नावाने. मराठीत ‘माणूस’, इंग्रजीत ‘आदिवासी’. मराठीत जागृती, इंग्रजीत बंड. मराठी मध्यमवर्गीय वाचकासाठी आधी ‘हीही माणसेच आहेत’ हे सांगावे लागत होते, असा याचा एक अन्वय लावता येतो. तो लेखिकेपेक्षा वाचकाविषयी अधिक बोलतो.

या दृष्टीने तलवाड्याचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर १९४५. गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये दर मागून मजुरांनी संप केलेला. १० ऑक्टोबरला बातमी पसरते की बाईंच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी तलवाड्याला जमावे. हजारो वारली जमतात. पोलीस गोळीबार करतात. जेठ्या गांगडसह पाच जण मारले जातात. ज्यांच्यासाठी लोक आले त्या बाई तिथे नव्हत्याच. बातमी खोटी होती आणि ती जमीनदारांच्या बाजूने पेरली गेल्याचे चळवळीचे म्हणणे आहे. म्हणजे इतिहास घडला तो एका कल्पिताच्या बळावर. ‘गोदाराणी’ हे लोकांनी दिलेले नाव लक्षात घेतले, तर त्या रात्री ते एका कथेच्या रक्षणासाठी निघाले होते असे म्हणावे लागते. आणि त्या कथेचे कर्ते तेच होते, निवेदिका नव्हे. शीर्षक जे सांगते त्याच्या उलट हे प्रकरण सांगते. पुस्तक आपल्या शीर्षकापेक्षा मोठे ठरते ते इथे.

याच सुमारास वारल्यांची दुसरी ओळख शहरात पोहोचत होती. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नातल्या चौकाचे, एरवी सुवासिनींच्या हातचे चित्रण सत्तरच्या दशकात कागदावर आणले. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. म्हसे यांच्या चित्रांत जाळे, पेरणी, तारप्याभोवतीचा फेर यांचे अतिशय गतिमान कथन आहे. परंतु बाजाराने या चित्रांतून एक ‘आदिम’, कालातीत वारली तयार केला आणि साडीवर, भेटकार्डावर छापला. १९३४ मध्ये जन्मलेला हा चित्रकार उठावाच्या वेळी अकरा वर्षांचा होता, ही साधी कालगणनादेखील त्यांच्याविषयीच्या कौतुकपर लेखनात सहसा केली जात नाही. आपल्या लोकप्रिय इतिहासात पेशव्यांना तिथी आणि प्रहरसुद्धा असतात. वारल्यांना फक्त ऋतू.

कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) आदिवासी सरपंच स्त्रियांच्या निमित्ताने या मौनाला भिडते, पण ती वर्तमानाची कादंबरी आहे. १९४५ ची कादंबरी लिहायची तर दप्तर कोणते मानायचे, हा पहिला प्रश्न. गंजाड, तलासरीच्या पाड्यांवरील म्हाताऱ्यांच्या सांगण्यात जेठ्या गांगड कोणत्या रूपात उरला आहे, त्या सांगण्याची वारली बोली प्रमाण मराठीत उतरवताना तिचे काय होते, आणि अफवेला अफवा म्हणून न धिक्कारता कथेच्या तर्काने कसे वाचायचे, याचा अभ्यास मराठी विभागांतून अद्याप पुरेसा झालेला नाही. आणि त्या पिढीची माणसे आता फार थोडी उरली आहेत.